पाचशेच्या स्टॅम्पवर सही करण्याआधी

अपघातानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉर्डाबाहेर एक माणूस येतो. कधी तो धडक देणाऱ्या गाडीच्या मालकाचा भाऊ असतो, कधी दोन्हीकडच्या ओळखीचा गावातला कुणी. हातात शहाळ्यांची पिशवी. चौकशी मनापासूनची असते, हे मी नाकारत नाही. मग आवाज जरा खाली येतो. "झालं ते झालं. पोराची चूक झाली, पण केस झाली तर त्याची नोकरी जाईल. औषधपाण्याचं आम्ही बघतो, वर पन्नास हजार देतो. कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची हौस कुणाला आहे?" आणि फायलीतून पाचशेचा स्टॅम्प निघतो. मजकूर आधीच टाइप केलेला असतो: आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही आणि यापुढे राहणार नाही.

त्या घडीला पेशंटच्या पायात रॉड बसून दोन दिवस झालेले असतात. गुडघा पुन्हा किती वाकेल, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मांडी घालून बसता येईल का, शिडी चढता येईल का, आठ तास उभं राहता येईल का, यातलं काहीच ठाऊक नसतं. जखमेची किंमत ठरवायला याहून वाईट मुहूर्त नाही. तरी घरचे सही करतात, कारण हॉस्पिटलच्या काउंटरवर त्याच संध्याकाळी पैसे भरायचे असतात.

नुकसानभरपाईच्या बाबतीत मला कळलेली मुख्य गोष्ट एवढीच आहे: दावा लवकर दाखल करायचा आणि तडजोड सावकाश करायची. आपल्याकडे बहुतेक घरं नेमकं उलट करतात. तडजोड आठवड्यात आणि दाव्याचा विचार दोन वर्षांनी, पाय आखडलेलाच राहिला की मग.

पहिल्या तासातला एक शब्द

माझ्या आतेभावाला मागून कारने ठोकलं. तो दुचाकीवर होता. त्याला दवाखान्यात नेणाऱ्यांनी पोलिसांचं लचांड नको म्हणून कॅज्युअल्टीत सांगितलं, "गाडीवरून पडला." केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी फिर्याद झाली, कारचा नंबर मिळाला, पंचनामा झाला, कारचालकाने चूक कबूलही केली. पण पुढची दोन वर्षं विमा कंपनीच्या वकिलांनी तो एक कागद सोडला नाही. त्यांचं म्हणणं, हा माणूस स्वतःच घसरून पडला आणि कार नंतर शोधून आणली. डॉक्टर आणि साक्षीदार उभे करून ते खोडून काढावं लागलं.

म्हणून दवाखान्यात पहिल्यांदा बोलणाऱ्याने जे झालं तेच सांगावं: कुठल्या गाडीने, कुठून, कशी धडक दिली. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदवायला सांगावं. नोंद झाली की डॉक्टर पोलिसांना कळवतात. जखमीला आणून सोडणाऱ्याला अडकण्याची भीती वाटते, ती आता बाळगू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने त्याला संरक्षण दिलं आहे. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

पैशांची पहिली निकड भागवायलाही आता एक वाट आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ता अपघातातील जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, एका जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यातून होतात. त्यासाठी अपघाताची पोलिसांकडे नोंद लागते. ११२ ला फोन करा, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि रुग्णालय या योजनेत आहे का, हे दाखल करतानाच विचारा. ही दीड लाखाची सोय झाली, तर स्टॅम्पवाल्या पाहुण्याशी बोलताना आवाजात थोडा ताठपणा येतो.

रस्त्यावर असलेल्या नातेवाइकाने दोन्ही गाड्या हलवण्याआधी फोटो काढावेत. नंबरप्लेट, टायरच्या खुणा, काचांचा सडा, जवळचं दुकान किंवा पेट्रोलपंप दिसेल असे. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण बहुधा काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा पोलिसांना ते ताब्यात घ्यायला लेखी विनंती करावी. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की विमा चालू आहे की संपला, हे तिथेच दिसतं.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. धडक देणाऱ्या गाडीला विमा नसला, किंवा ती सापडलीच नाही, की 'दुसरी विमावाली गाडी दाखवू' असा सल्ला देणारे महाभाग हॉस्पिटलच्या आवारातच भेटतात. तो गुन्हा आहे. पकडला गेला तर भरपाई जातेच, वर फौजदारी खटला मागे लागतो. गाडी खरंच सापडली नाही, तर 'हिट अँड रन'साठी सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तिच्यात मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज तालुक्यातल्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांच्या कार्यालयात करायचा. रक्कम लहान आहे, पण हक्काची आहे.

पैसे देतं कोण?

आपल्या समाजात दावा न करण्याचं सर्वांत मोठं कारण भीड असतं. 'त्या बिचाऱ्या ड्रायव्हरच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?' पण गाडीचा विमा चालू असेल, तर भरपाई ड्रायव्हरच्या खिशातून जात नाही. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. ड्रायव्हरकडे योग्य लायसन नव्हतं अशा प्रकरणांतही न्यायालयं बहुतेक वेळा विमा कंपनीला सांगतात, आधी जखमीला पैसे द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा.

ही भीड मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या गाडीत बसलेल्यांना जास्त नडते. मेव्हणा गाडी चालवत होता, गाडी दुभाजकावर चढली, मागे बसलेल्या त्याच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. आता जावयाविरुद्ध दावा? ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात मेव्हण्याचं नाव कागदावर येतं आणि पैसे त्याच्या गाडीची विमा कंपनी देते. फक्त पॉलिसी कोणती आहे ते बघावं लागतं. पॅकेज पॉलिसी असेल, ज्याला आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, तर खासगी गाडीतले प्रवासी तिच्यात धरले जातात. नुसती थर्ड पार्टी असेल, तर विमा कंपनी गाडीत बसलेल्यांची जबाबदारी नाकारते आणि मग प्रश्न मालकाच्या खिशापाशी येतो. दोन गाड्यांची टक्कर झाली आणि चूक दोघांचीही असली, तर प्रवाशाला कोणत्याही एका गाडीकडून पूर्ण भरपाई मागता येते. त्या दोघांनी आपसात वाटा काय तो ठरवावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

स्वतःच्या चुकीने स्वतःची गाडी आदळली तर मात्र थर्ड पार्टी दावा होत नाही. तिथे मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा कामी येतो. प्रीमियम वाचवायला पुष्कळ लोक पॉलिसी घेताना तोच नको म्हणतात.

दाव्याची घड्याळं

महाराष्ट्रात हे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर चालतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ते असतं, सगळे त्याला 'एमएसीटी' म्हणतात. दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. सांगलीचं कुटुंब गोव्याला गेलं आणि म्हापशाजवळ अपघात झाला, तरी दावा सांगलीत करता येतो. जखमी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो ते ठिकाण कायद्याला चालतं.

१ एप्रिल २०२२ पासून कायद्यातले मोठे बदल लागू झाले. त्यातला जखमींच्या फायद्याचा बदल असा, की पोलिसांनी स्वतःहून न्यायाधिकरणाला कळवायचं आहे. प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा सविस्तर अहवाल दावा म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात या व्यवस्थेच्या अंमलबजावणीचे आदेशही दिले. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर चोऱ्या, बंदोबस्त आणि मोर्चे असतात. त्यामुळे जखमीने भरायचा फॉर्म, त्याला नमुना सहा म्हणतात, तो तपास अधिकाऱ्याकडून स्वतः मागून घ्या, भरून द्या आणि पोच घ्या. सविस्तर अहवाल गेला का, हे तीन महिन्यांनी विचारा.

तोट्याचा बदल म्हणजे मुदत. आधी मुदतच नव्हती. आता अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असं सांगितलं. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर झोपू नये. पायाला प्लास्टर असतानाच दावा दाखल करता येतो. अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो, पुढची बिलं नंतर देता येतात. दावा म्हणजे रांगेत चप्पल ठेवणं आहे.

आता सापळा. कलम १६४ प्रमाणे कोणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. कलम १४९ प्रमाणे विमा कंपनीचा अधिकारी ही तडजोड घेऊन तुमच्याकडे येऊ शकतो. चूक सिद्ध करणं अवघड असेल तर हा मार्ग सोन्यासारखा आहे. पण तो एकदा स्वीकारला की कलम १६६ खालचा, म्हणजे चूक सिद्ध करून मागायचा मोठा दावा संपतो. 'हे अडीच लाख आत्ता घेऊ, बाकीचं नंतर बघू' असं इथे नाही. ज्याचा हात कायमचा निकामी होण्याची शक्यता आहे, त्याने सही करण्याआधी पुढचा हिशेब वाचावा.

टक्के कशाचे?

शारीरिक अपंगत्वाचे टक्के आणि कमाईच्या नुकसानीचे टक्के एक नसतात. हे सूत्र ज्याला समजलं, त्याला भरपाईचं निम्मं गणित समजलं. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे उदाहरणासकट सांगितलं आहे. डावा हात तुटला, तर शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरलं जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी राहील, पगारही राहील. कारकुनाला मग कमाईपेक्षा वेदना आणि हिरावलेलं जगणं यांच्या सदराखाली जास्त मिळायला हवं.

दुसरी मेख अशी, की दाखल्यावरचे टक्के त्या अवयवाचे आहेत की संपूर्ण शरीराचे? विमा कंपनी नेहमी संपूर्ण शरीराच्या लहान आकड्यावर बोट ठेवते. तुम्ही कामावर बोट ठेवा. हा माणूस काय काम करत होता, त्यातलं काय आता करू शकत नाही आणि दुसरं काय करू शकतो, या तीन प्रश्नांची उत्तरं साक्षीत आली पाहिजेत. नुसता दाखला फायलीत लावून भागत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांना कोर्टात यायचा कंटाळा असतो. त्यांच्याशी आधीपासून नीट बोलून ठेवलेलं बरं.

समजा, इस्लामपूरचा एक ३४ वर्षांचा सुतार आहे. स्वतःचा धंदा, महिन्याला २०,००० रुपये सुटतात. कारच्या धडकेत उजवं मनगट चुरलं, प्लेट बसली, मनगट आता पुरतं वळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. कायम नोकरी असती तर ५० टक्के धरले असते, वय चाळिशीच्या पुढे गेलं की हे टक्के उतरतात. हा निकाल मृत्यूच्या प्रकरणातला. जखमींनाही ही वाढ मिळते, हे न्यायालयाने २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात ठामपणे सांगितलं. म्हणजे महिना २८,०००, वर्षाचे ३,३६,०००. आता वयाप्रमाणे गुणक. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ आहे. पंचविशीच्या आत तो १८ असतो, ४६ ते ५० ला १३, ५६ ते ६० ला ९. गुणाकार आला ५३,७६,०००. मृत्यूच्या दाव्यात यातून माणसाचा स्वतःचा खर्च वजा करतात. जखमीच्या दाव्यात करत नाहीत, कारण तो जिवंत आहे आणि जेवतो आहे.

या आकड्याला कमाईच्या नुकसानीचे टक्के लागतात. विमा कंपनी म्हणाली, संपूर्ण शरीराचे ८ टक्के, तर आले ४,३०,०८०. न्यायाधिकरणाला पटलं की रंधा मारता न येणाऱ्या सुताराची कमाई किमान ३० टक्के गेली, तर आले १६,१२,८००. दाखला तोच, मनगट तेच. फरक पडला तो त्याच्या कामाविषयी काय सांगितलं गेलं, यामुळे.

यात उपचारांचा खर्च, काम बंद होतं तेवढ्या महिन्यांची बुडालेली कमाई, प्रवास, सकस आहार, वेदना आणि पुढच्या उपचारांचा खर्च मिळवायचा. शेवटचं सदर सर्वांत जास्त विसरलं जातं. प्लेट वर्ष-दीड वर्षाने काढावी लागणार असेल, तर त्याचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या. सेवा करणाऱ्याचाही मोबदला असतो, मग ती सेवा बायकोने किंवा आईने फुकट केलेली का असेना. काजल या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदतनिसांसाठी महिना १०,००० रुपये धरून त्याला १८ चा गुणक लावला. त्या एका सदराचे २१ लाख ६० हजार झाले, आणि उच्च न्यायालयाने दिलेली पंचवीस लाखांच्या पुढची भरपाई ६२ लाख २७ हजारांवर गेली.

गृहिणीच्या बाबतीत 'त्या काही कमवत नव्हत्या' हे वाक्य विमा कंपनीचा वकील अजूनही बोलतो. न्यायालयांनी ते कधीच मागे टाकलं आहे. घरकामाला काल्पनिक उत्पन्न धरलं जातं. उजवा खांदा निखळलेल्या बाईच्या दाव्यात पाणी कोण भरतं, भाकऱ्या कोण थापतं आणि त्यासाठी ठेवलेल्या बाईला महिन्याला किती देता, हे सांगायला लाजू नये.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा एक निकालही लक्षात असू द्या. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. तुम्ही हप्ते भरून घेतलेल्या पॉलिसीचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा? मेडिक्लेमवाले मूळ बिलं ठेवून घेतात, म्हणून ती देण्याआधी झेरॉक्सवर त्यांचा शिक्का घ्यावा.

पिशवीतले कागद

आमच्याकडे एक कापडी पिशवी दाराच्या खिळ्याला टांगलेली होती. आतेभावाच्या उपचारांचा प्रत्येक कागद तीत जायचा. मेडिकलची चिठ्ठी, एक्स-रे, रिक्षाचं भाडं लिहिलेलं कॅलेंडरचं पान. रिक्षावाला पावती देत नाही, पण तारीखवार लिहिलेली वही न्यायाधीश वाचतात. फिजिओथेरपिस्ट रोख घेत असेल तर त्याच्याकडूनही आठवड्याला सहीची पावती घ्यावी. थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत कोरी होतात. ती त्याच दिवशी झेरॉक्स करावीत.

उत्पन्नाचा पुरावा ही आपल्या माणसांची दुखरी जागा. कर वाचवायला रिटर्न भरलेलं नसतं किंवा कमी दाखवलेलं असतं, आणि दाव्यात एकदम महिन्याला साठ हजार आठवतात. न्यायाधिकरण रिटर्नवरच जास्त विश्वास ठेवतं. रिटर्न नसेल तर बँकेचं पासबुक, यूपीआयचे व्यवहार, गिऱ्हाइकांच्या साक्षी, दुकानाचा शॉप ॲक्ट परवाना. शेतकऱ्याने सातबारासोबत साखर कारखान्याची किंवा दूध संघाची बिलं द्यावीत, आणि अपघातानंतर मजूर लावावे लागले त्याची नोंद. शेत तर तिथेच आहे, मग नुकसान कसलं, असं विचारलं जातंच. नोकरदाराने आजारपणात खर्ची पडलेल्या रजेचा दाखला कार्यालयातून घ्यावा. पगार चालू राहिला तरी रजा गेली, तेही नुकसानच.

सीटबेल्ट नव्हता, हेल्मेट नव्हतं, दुचाकीवर तिघे होते, असे मुद्दे काढून भरपाईत कपात मागितली जाते. त्यावर विचारायचा प्रश्न असा, की त्यामुळे अपघात झाला का, किंवा दुखापत वाढली का? दुचाकीवर तिघे असणं हा नियमभंग खरा, पण त्याचा अपघाताशी संबंध दाखवल्याशिवाय जखमीला वाटेकरी धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. मोडलेल्या पायाच्या भरपाईत हेल्मेटचा मुद्दा आला, तर वकिलांनी तो तिथेच अडवला पाहिजे.

वाटाघाटींच्या टेबलावर

बरे झाल्यावर, म्हणजे हाड जुळून डॉक्टरांनी आता यात फार सुधारणा होणार नाही असं सांगितल्यावर, तडजोडीला बसायला हरकत नाही. मी तडजोडीच्या विरुद्ध नाही. निकाल लागेपर्यंत वर्षं जातात, निकालानंतर विमा कंपनी ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करू शकते, आणि घरात मुलांच्या फिया थांबत नाहीत. लोकअदालतीत तडजोड झाली की तो आदेश अंतिम असतो, त्यावर अपील नाही. हा अंतिमपणा दोन्ही बाजूंना कापतो. म्हणून तिथे जाताना आपला आकडा सदरांसह कागदावर मांडून न्यावा. सुताराचे १६ लाख, बिलं अमुक, बुडालेली कमाई तमुक, प्लेट काढायचे इतके. समोरच्याने 'सगळं मिळून आठ घ्या' म्हटलं, की विचारायचं: यातलं कुठलं सदर तुम्हाला मान्य नाही? आकड्यांच्या घासाघिशीपेक्षा हा प्रश्न जास्त पैसे आणतो.

व्याज विसरू नका. न्यायाधिकरण दाव्याच्या तारखेपासून व्याज देऊ शकतं, आणि साडेसात-नऊ टक्क्यांचे दर निकालांत नेहमी दिसतात. बारा लाखांवर तीन वर्षांचं साडेसात टक्क्यांनी सरळ व्याज २ लाख ७० हजार होतं. 'व्याजासह बारा लाख' आणि 'बारा लाख अधिक व्याज' यांत एवढं अंतर आहे, आणि लोकअदालतीच्या गर्दीत ते पटकन गिळलं जातं.

किती कमी घ्यावं? माझं मत असं: चूक कोणाची हे पक्कं असेल, साक्षीदार हाताशी असेल आणि डॉक्टरांची साक्ष झालेली असेल, तर थोडंच सोडा. पंचनामा तुमच्या विरुद्ध जात असेल, चूक दोघांची दिसत असेल, तर जास्त सोडून आज पैसे घेणं शहाणपणाचं. सदरांची बेरीज माहीत नसताना मात्र एक रुपयाही सोडू नका.

वकिलांविषयी. रकमेच्या टक्क्यांवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. तरीही 'आधी काही देऊ नका, मिळतील त्यातले पंचवीस टक्के' असे प्रस्ताव वॉर्डापर्यंत येतात, एजंटांमार्फत. अशा माणसाला लवकर मिटवण्यात रस असतो, कारण त्याचा हिस्सा आज हवा असतो. वकील स्वतः निवडावा, फी लेखी ठरवावी, वकीलपत्राशिवाय कोऱ्या कागदावर सही करू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्याचं कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्याच आवारात असतं.

तडजोडीचा मसुदा मराठीत वाचून दाखवायला सांगा. रक्कम किती दिवसांत जमा होणार आणि झाली नाही तर व्याज किती, ही दोन वाक्यं त्यात नसतील तर ती घालून घ्या. बँक खातं जखमीच्या एकट्याच्या नावाचं द्या, पासबुकाची प्रत सोबत असू द्या. रक्कम मोठी असली की न्यायाधिकरण बहुधा तिचा काही भाग मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. लोकांना ते अविश्वासासारखं वाटतं. पण त्याच पैशांवर चुलत्यांची आणि मेव्हण्यांची नजर असते, हे न्यायाधीशांनी शेकडो घरांत पाहिलेलं असतं. उपचारांसाठी लागले तर ठेव मोडायचा अर्ज करता येतो, डॉक्टरांचं पत्र जोडून. प्लेट काढायच्या ऑपरेशनची तारीख ठरली की आमच्या आतेभावानेही तोच अर्ज केला.